जैसे थे करारावर भाषण किंवा उत्तर लिहिताय? या चुका टाळा

सप्टेंबर उजाडला की मराठवाड्यातल्या शाळांमध्ये मुक्तिदिनाच्या भाषणांची तयारी सुरू होते. रझाकार (निजामाच्या बाजूची सशस्त्र संघटना), सरदार पटेल, पोलीस कारवाई हे सगळं त्यात येतं. भारत सरकार आणि हैदराबादचा निजाम यांच्यातला २९ नोव्हेंबर १९४७ चा जैसे थे करार मात्र एका वाक्यात उरकला जातो, आणि ते वाक्यही बहुधा चुकलेलं असतं. स्पर्धा परीक्षांच्या उत्तरांतही तेच. हा करार नीट समजल्याशिवाय पुढचे साडेनऊ महिने समजत नाहीत.

या करारानं हैदराबाद भारतात विलीन झालं, असं लिहिणं ही सगळ्यात मोठी चूक. परराष्ट्र व्यवहार, संरक्षण, दळणवळण अशा बाबतीत १५ ऑगस्ट १९४७ पूर्वी ब्रिटिश सत्ता आणि निजाम यांच्यात जी व्यवस्था होती, ती एक वर्ष तशीच चालू ठेवायची, एवढंच ठरलं होतं. भारत आणि निजाम यांनी एकमेकांकडे प्रतिनिधी नेमायचे आणि वाद झालाच तर लवादाकडे जायचं. त्यानुसार क. मा. मुन्शी भारताचे प्रतिनिधी म्हणून हैदराबादला आले.

याच करारातलं एक कलम जवळजवळ सगळेच वगळतात. संस्थानातली अंतर्गत शांतता राखण्यासाठी फौज पाठवण्याचं बंधन भारतावर नव्हतं आणि तसा हक्कही नव्हता. युद्धकाळ सोडून तिथं फौज ठेवता येणार नव्हती. सिकंदराबादच्या छावणीतलं भारतीय सैन्य निघून गेलं. नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबादकडच्या खेड्यांत रझाकार घुसले तेव्हा लोकांच्या बाजूनं उभं राहायला कोणतीच सरकारी फौज का नव्हती, याचं उत्तर या कलमात आहे. तुमच्या भाषणात एकच कलम घ्यायचं असेल तर हे घ्या.

दुसरी चूक म्हणजे निजामानं एकट्यानं ठरवून सही केली असं दाखवणं. मसुदा ऑक्टोबरातच तयार होता. २७ ऑक्टोबरला निजामाचं शिष्टमंडळ दिल्लीला निघायचं होतं, पण इत्तेहादुल मुसलमीन या संस्थानातल्या राजकीय संघटनेच्या जमावानं त्यातल्या सदस्यांच्या घरांना वेढा घातला. संस्थानाचे पंतप्रधान छतारीचे नवाब पायउतार झाले आणि मीर लायक अली आले. या दडपणामागे होता रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी, आपल्या लातूरचा वकील. एवढं होऊन महिन्यानं सही झाली ती जवळपास त्याच मसुद्यावर.

‘करार निजामानं मोडला’ एवढंच लिहून थांबू नका. पुरावे द्या: पाकिस्तानला २० कोटींचं कर्ज, संस्थानात भारतीय चलनावर बंदी, सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाच्या विमानांतून आलेली शस्त्रं. भारतानं आर्थिक नाकेबंदी केली, अशी हैदराबादचीही तक्रार होती, तीही लिहा. त्यानं रझाकारांचे अत्याचार सौम्य ठरत नाहीत, उलट तुमचं लिखाण भक्कम होतं.

करार झाला म्हणजे वर्ष शांततेत गेलं, असंही समजू नका. करारानंतर मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांची सुटका झाली, पण जानेवारीत त्यांना पुन्हा पकडलं. सरहद्दीवरच्या कँपांमधून तरुणांचा सशस्त्र लढा चालूच होता. ३० जानेवारी १९४८ ला उमरीची बँक लुटली गेली, ती या लढ्याला पैसा उभा करण्यासाठी.

तारखांचा घोळ सोडवायचा असेल तर कागदावर तीनच ओळी लिहा: २९ नोव्हेंबर १९४७ सही, १३ सप्टेंबर १९४८ कारवाई सुरू, १७ सप्टेंबर निजामाची शरणागती. म्हणजे कराराची मुदत संपायला दोन महिन्यांहून जास्त काळ बाकी होता. नाव ‘पोलीस कारवाई’ असलं तरी ती मेजर जनरल चौधरींच्या नेतृत्वाखालची लष्करी मोहीम होती.

१७ सप्टेंबरला गोष्ट संपवणं हीही चूकच. त्यानंतर उस्मानाबाद, नांदेडसह काही जिल्ह्यांत मुस्लिमांच्या कत्तली झाल्या. भारत सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. मुक्तिदिनाच्या व्यासपीठावर हे सांगणं जड जातं, तरी सांगायलाच हवं. आणि त्या दिवशी मराठवाडा महाराष्ट्रात आला असं तर मुळीच म्हणू नका: १ नोव्हेंबर १९५६ ला तो द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि महाराष्ट्र झाला १ मे १९६० ला.