घरात दुसरं कुणाला येतं?

आमच्याकडे नवा ग्राहक आला की एक पानाचा अर्ज भरून घेतात. दुकानाचं नाव, जीएसटी नंबर, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती, सीए कोण, आणि सगळ्यात खाली एक ओळ: 'घरात दुसरं कुणाला येतं?' म्हणजे टॅली. बरेच मालक ती कोरी ठेवूनच अर्ज परत देतात. एक अडते तर म्हणाले, "दुसऱ्याला कशाला यायला पायजे? मी काय मेलोय व्हय?" ही ओळ २०२१ पासून आली. ती का आली हे सांगताना या नोकरीतलं बरंचसं सांगून होईल, म्हणून लिहिते. अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या सपोर्टमध्ये यायचा विचार करणाऱ्यांना उपयोग होईल.

मी सांगलीतल्या एका सात माणसांच्या कंपनीत आहे. कंपनी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काचेची इमारत येते. आमच्या विश्रामबागेत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या आहेत, खाली झेरॉक्सवाला. टॅली विकायचं, बसवून द्यायचं, शिकवायचं, वर्षाची एएमसी, म्हणजे देखभालीची फी, घ्यायची. फोन आला की रिमोट घ्यायचा, म्हणजे इथूनच त्यांचा कॉम्प्युटर चालवायचा, आणि रिमोटवर भागलं नाही की गाडी काढायची.

बी.कॉम. होऊन जून २०१७ मध्ये मी लागले, ९,००० रुपयांवर. अजून सगळ्यांची नावंही पाठ झाली नव्हती, तेवढ्यात १ जुलैला जीएसटी सुरू झाला. मार्केट यार्डातल्या हळदीच्या एका व्यापाऱ्याला मी बिलाचा साचा लावून दिला. वाळलेली हळद, ५ टक्के. अडीच केंद्राचे, अडीच राज्याचे. स्वतःवर खूश होऊन परत आले. त्यांचा निम्मा माल गुजरातला जातो हे मी विचारलंच नव्हतं. परराज्यात विक्री असेल तर अडीच-अडीच होत नाहीत, आयजीएसटी हा पूर्ण ५ टक्क्यांचा एकच कर लावावा लागतो. ऑगस्टमध्ये त्यांच्या सीएंचा फोन आला. महिन्याभराची बिलं चुकली होती.

दुरुस्तीला दोन संध्याकाळी लागल्या. सोबत पेढीचे दिवाणजी बसले होते. मी पार्टीचं नाव वाचायची, ते गाव सांगायचे. एकदाही वहीत बघितलं नाही त्यांनी. उठताना एवढंच म्हणाले, "पोरी, बिल करायच्या आधी गाडी कुठं चाललीय ते विचारावं." आजही नव्या दुकानात गेले की माझा पहिला प्रश्न तोच असतो.

एमएस-सीआयटी केलेली, टॅलीचा कोर्स केलेली मुलं आमच्याकडे मुलाखतीला येतात. एफ-५ पेमेंट, एफ-६ रिसीट, एफ-८ विक्री, एफ-९ खरेदी हे त्यांना घडाघडा येतं. मग आमचे सर, म्हणजे कंपनीचे मालक, विचारतात, "पार्टीनं बिलातले पाचशे कमी दिले, मालकानं सोडून दिले, आता नोंद कशी?" तिथं गाडी थांबते. कळा दोन दिवसांत पाठ होतात हो. नावे-जमा मात्र कागदावर घोटावं लागतं. ओळखीच्या कुणाचंही दुकान असू दे, किराणा, औषधाचं, काहीही. तिथली रोजकीर्द महिनाभर हातानं लिहून बघा. कोर्सच्या फीइतकं तरी शिकाल, आणि फुकट.

दुसरं म्हणजे प्रिंटर. आपण हिशेबाच्या नोकरीत आलोय असं वाटत असतं, पण निम्मे फोन प्रिंटरचेच येतात. बिल अर्ध्या पानावर छापतंय, कार्बन उमटत नाही, कागद तिरका ओढतोय. माझ्या पिशवीत डॉट मॅट्रिक्सची एक रिबन, प्रिंटरची वायर, दोन पेन ड्राइव्ह आणि तोंडाला बांधायला ओढणी असते. ओढणी का, ते हळदीच्या पेढीतला सीपीयू उघडल्यावर कळतं. आत भंडारा उधळल्यासारखं असतं सगळं. पंखा पिवळा, वायरी पिवळ्या, पुसून काढेपर्यंत आपले हातही हळदीचे.

शिकवण्याबद्दल आमच्या सरांचा एक नियम आहे, तो मला आधी बालिश वाटायचा. शिकवणाऱ्यानं हात मागे बांधून उभं राहायचं. माउसला हात लावायचा नाही. समोरचे काका कळ शोधत शोधत तीन मिनिटं घालवतात, आपला जीव तुटतो, एका सेकंदाचं काम असतं. पण आपण ते करून दिलं की ते मान डोलावून "कळलं" म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या त्यांचाच फोन येतो. नोव्हेंबर २०२० मध्ये टॅलीप्राइम ही नवी आवृत्ती आली तेव्हा या नियमाचा कस लागला. जुन्यात कंपनीचा मेनू उघडायला अल्ट धरून एफ-३ दाबायचं, नव्यात अल्ट आणि के. वीस वर्षं ज्या बोटांना वळण लागलंय ती तिकडंच जाणार. एक दिवाणजी रोज सकाळी मला फोनवर विचारायचे, "आज काय दाबायचं?" तीन आठवडे विचारलं, नंतर बंद झालं.

आता पुराबद्दल. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं. पेठेतल्या दुकानदारांनी तयारी केली नव्हती असं नाही. त्यांनी २००५ च्या पुराची खूण बघून त्याच्या वर माल रचला होता, कॉम्प्युटर टेबलावर चढवले होते. पाणी त्या खुणेच्याही वर आलं. टॅलीचा बॅकअप बहुतेकांकडे होता, पेन ड्राइव्हवर. आणि पेन ड्राइव्ह कुठं, तर त्याच टेबलाच्या खणात.

पाणी ओसरल्यावर आम्ही चिखलातून सीपीयू गोळा करत होतो. तिथं मी एक चूक केली, ती तुम्ही करू नका. गणपती पेठेतल्या एका दुकानाची हार्ड डिस्क मी धुऊन, केसांच्या ड्रायरनं वाळवून चालू केली. टकटक असा आवाज आला आणि थांबला. दोन वर्षांचा हिशेब गेला. भिजलेल्या डिस्कला वीज द्यायची नाही, ऊब द्यायची नाही; ओली असेल तशीच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून डेटा काढून देणाऱ्यांकडे पाठवायची. बाकीच्या डिस्क आम्ही अशाच पुण्याला पाठवल्या, बऱ्याचशा वाचल्या. त्या वर्षी पेठेतल्या ग्राहकांकडून सरांनी एएमसी घेतली नाही. आमची दिवाळी मात्र मिठाईच्या पुड्यावर भागली, हेही सांगून ठेवते. छोट्या कंपनीचा चांगुलपणा थोडा नोकरांच्या खिशातूनही जातो.

आणि मग २०२१. तासगावकडचं एक दुकान, ठिबकचे पाइप आणि फिटिंगचं. गिऱ्हाईक सगळं द्राक्षबागायतदार. या धंद्यात उधारी हंगामावर चालते: शेतकरी छाटणीच्या वेळी सामान नेतो आणि द्राक्षं किंवा बेदाणा विकला की पैसे देतो. म्हणजे मार्च ते मे हे वसुलीचे महिने. दुकानाचे मालक, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, एप्रिलच्या शेवटी कोरोनानं गेले. बाराव्यानंतर त्यांच्या मुलाचा फोन आला, "ताई, टॅली उघडत नाहीये."

मी गेले. यादीत कंपनीच्या नावाच्या जागी नुसत्या चांदण्या (***) होत्या. दादांनी टॅली व्हॉल्टचा पासवर्ड टाकला होता. हे कुलूप असं असतं की पासवर्ड विसरला तर डेटा कुणालाच उघडता येत नाही, बनवणाऱ्यांनाही नाही. त्यासाठीच ते असतं. मुलांच्या जन्मतारखा, गाड्यांचे नंबर, कुलदैवत, सगळं टाकून झालं. उघडलं नाही. आणि दारात माणसं येऊन सांगत होती की आम्ही पैसे दादांना दिलेत.

परत आल्यावर सर म्हणाले, "नव्यानं उभं करायचं." म्हणजे कसं ते नीट सांगते, कारण ही वेळ तुमच्यावरही येईल. सीएंच्या ऑफिसात ऑडिटसाठी दिलेली मार्च २०२० पर्यंतची प्रत होती, तीवर कुलूप नव्हतं. तिथून पुढची खरेदी जीएसटी पोर्टलवरून मिळते, कारण विकणाऱ्यांनी भरलेली बिलं आपल्या टू-ए आणि टू-बी या पोर्टलवरच्या खरेदीच्या याद्यांमध्ये दिसतात. बँकेचं स्टेटमेंट असतंच. विक्रीपैकी जीएसटी नंबर असलेल्या पार्ट्यांची बिलं जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नमध्ये नावानिशी सापडतात. पण शेतकऱ्याला जीएसटी नंबर नसतो. त्याची विक्री तिथं नुसत्या एकत्रित आकड्यात असते, नाव नाही. आणि उधारी तर सगळी शेतकऱ्यांकडंच. ती फक्त दोन जागी होती: बिलबुकांच्या कार्बन प्रतींमध्ये आणि दादांच्या खिशातल्या डायरीत.

या कामाला दुकानातला पोऱ्या बसेल असं मला वाटलं होतं. बसल्या वहिनी, दादांच्या बायको. कॉम्प्युटरला कधी हात लावला नव्हता, पण गावातल्या बचत गटाच्या सचिव होत्या, वही स्वतः लिहायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी एकच विचारलं, "मी काय चुकीचं दाबलं तर सगळं पुसून जाईल का?" मी नाही म्हटलं आणि हात मागे बांधून उभी राहिले. त्या दिवशी सतरा बिलं झाली. चौथ्या दिवशी त्या मला थांबवायला लागल्या. "हे नाव नवीन टाकू नका, हा तोच माणूस आहे, बिलावर कधी वडिलांचं नाव लावतात कधी आडनाव." आणि, "हे दोघं भाऊ आहेत पण वेगळे निघालेत, यांची खाती एक करू नका." अकराव्या दिवशी उधारीची यादी छापली. ती घेऊन मुलगा वसुलीला निघाला, कुणाकडं आधी जायचं ते वहिनींनी पेनानं नंबर घालून दिलं होतं.

एका गोष्टीवर सर अडून बसले, तेव्हा मला ते हेकट वाटले होते. दादांचा फोन घरातच होता, जीएसटीचा ओटीपी त्यावरच येत होता. मुलगा म्हणाला, भरून टाकू या की रिटर्न. सर म्हणाले, गेलेल्या माणसाच्या नावानं आपण सही करायची नाही. एकट्याच्या मालकीची पेढी असेल तर रस्ता सरळ आहे. मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रं घेऊन आपल्या विभागाच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे जायचं. वारसाच्या पॅनवर नवी नोंदणी घ्यायची, कारण म्हणून मालकाचा मृत्यू नोंदवायचं, खरेदीवर भरलेल्या कराचं शिल्लक क्रेडिट आयटीसी-०२ फॉर्मनं नव्या नंबरावर न्यायचं आणि मग जुनी नोंदणी रद्द करायची. हे सीएंचं काम, आपलं नाही. पण घरचे आधी आपल्याला विचारतात, तेव्हा कुणाकडं पाठवायचं ते तरी माहीत पाहिजे.

त्यानंतर अर्जात ती ओळ आली आणि शनिवारची बॅच सुरू झाली. ग्राहकाच्या घरातलं कुणीही यावं, बायको, सून, कॉलेजातला मुलगा. दुपारी तीन ते पाच, पैसे नाहीत. अट एकच, स्वतःच्या दुकानाची दहा बिलं घेऊन यायचं. पुस्तकातल्या 'एबीसी ट्रेडर्स'वर कुणाचं लक्ष लागत नाही. स्वतःच्या बिलावर मात्र एक सूनबाई अर्ध्यातच ओरडली, "अगंबाई, हे दर तर खरेदीपेक्षा कमी आहेत!" सासरे शेजारीच बसले होते. पुढं काय झालं माहीत नाही, पण दोघंही पुढच्या शनिवारी आले.

यात सगळं गोड आहे असं समजू नका. आमचा शनिवार गेला. महिन्याची ११ आणि २० तारीख, म्हणजे जीएसटी रिटर्नच्या मुदती, जवळ आल्या की जेवायला वेळ मिळत नाही. पुण्याला गेलेल्या माझ्या मैत्रिणीचा पगार माझ्या अडीचपट आहे. आणि काही मालकांना दुसऱ्या कुणाला शिकवलेलं आवडत नाही. घरच्यांना आकडे कळू नयेत असंही काहींना वाटत असतं. तिथं आपण आग्रह करायचा नाही. बंद पाकिटात पासवर्ड लिहून कपाटात ठेवा, एवढं सांगून निघायचं.

मुलाखतीला जाणार असाल तर तिकडूनही चार प्रश्न विचारून घ्या. एका माणसामागं एएमसीचे किती ग्राहक येतात? पहिला महिना कुणाबरोबर फिरवणार की थेट एकटीला पाठवणार? ग्राहकाचा डेटा आपल्या लॅपटॉपवर आला तर तो कधी आणि कुणी पुसायचा? आणि पेट्रोलचे पैसे पगारातच धरलेत की वेगळे मिळतात? हे शेवटचं मी विचारलं नव्हतं.