रग्बी खेळताय? मग कॉलेज सोडू नका

क्लबच्या मैदानावर नवीन मुलं-मुली आली की त्यांचे आईवडील मला हळूच बाजूला घेऊन विचारतात, "सर, यात पुढे काय?" मी स्वतः क्लबकडून खेळलो, आता फिजिओथेरपिस्ट म्हणून खेळाडूंचेच गुडघे बघतो. त्यांना मी वेल्सच्या जेमी रॉबर्ट्सबद्दल सांगतो.

जेमी सेंटर या जागेवर खेळायचा, समोरचा बचाव फोडत घुसणारा धिप्पाड गडी. कार्डिफमध्ये डॉक्टरकी शिकत असतानाच २००८ मध्ये तो वेल्सच्या संघात आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध डोक्याला डोकं आपटलं आणि त्याची कवटी फ्रॅक्चर झाली. तरीही तो काही वेळ खेळत राहिला! (आज असं कुणी करू नये. डोक्याला मार बसला की लगेच बाहेर यायचं, यात चर्चा नाही.) पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यात तो लायन्सचा, म्हणजे ब्रिटन आणि आयर्लंडच्या निवडक खेळाडूंच्या एकत्र संघाचा, मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

मला जास्त मोलाचं वाटतं ते हे की, या सगळ्यात त्याने अभ्यास सोडला नाही. वेळ लागला, पण २०१३ मध्ये तो डॉक्टर झाला. मग पॅरिसच्या क्लबकडून खेळला, केंब्रिजमध्येही शिकला. वेल्सकडून ९४ कसोटी (आंतरराष्ट्रीय सामने) खेळून २०२२ मध्ये निवृत्त झाला. त्याआधी, २०२० मध्ये कोविड आला तेव्हा तो कार्डिफच्या सरकारी आरोग्यसेवेत मदतीला उभा होता.

१९९५ पर्यंत रग्बी युनियन, म्हणजे रग्बीचा हा प्रकार, हौशी खेळ होता. वेल्सचा जुना खेळाडू जेपीआर विल्यम्स तर सर्जन होता. पैसा आल्यावर अठराव्या वर्षीच सगळं सोडून खेळात उतरायचा मोह वाढला. पण हे शरीर फार तर पस्तिशीपर्यंत साथ देतं, आणि कधी कधी तेवढंही नाही.

माझं एकविसाव्या वर्षीच संपलं. टॅकल करताना पाय जमिनीत रुतला, अंग वळलं, गुडघ्यात 'कट्' असा आवाज आला. एसीएल, म्हणजे गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारं एक लिगामेंट, तुटलं होतं. तेव्हा मी फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला होतो. हजेरी कमी भरल्यामुळे कॉलेज सोडायचंच ठरवलं होतं, पण बाबांनी अर्जावर सही केली नाही. ऑपरेशननंतर पलंगावर पुस्तक उघडलं. पानावर गुडघ्याची आकृती आणि समोर उशीवर ठेवलेला माझा सुजलेला गुडघा. कुठलं लिगामेंट कुठे जोडलेलं असतं, ते मी त्या दिवशी पाठ केलं, ते आजतागायत विसरलेलो नाही.

म्हणून सांगतो, स्पर्धेला जायच्या आधी प्राध्यापकांना भेटा, परत आल्यावर नाही. सुटणाऱ्या प्रॅक्टिकलची तारीख लेखी मागून घ्या. बसच्या प्रवासात वाचून होईल, या भरवशावर राहू नका, सामन्यानंतर डोळे मिटतातच.

या रविवारी सरावाला येताना परीक्षेचं वेळापत्रक घेऊन या. स्पर्धांच्या तारखा त्याच्या शेजारी लिहून बघू.