एपीएलमध्ये अॅरेतला क्रम बदलताना या चुका टाळा

श्रावणात आमच्या गावच्या देवळात चोवीस तासांचं अखंड भजन असतं. वास्कोच्या दामोदर सप्ताहासारखं मोठं नव्हे, चार वाड्यांपुरतं: देऊळवाडा, भाटवाडा, मधलावाडा, खालचावाडा. गेल्या वर्षी ज्या वाड्याला कमी वेळ मिळाला, तो यंदा आधी बसतो, असा रिवाज. पाळ्यांची यादी मी एपीएल या चिन्हांनी लिहायच्या प्रोग्रामिंग भाषेत काढतो. एका वर्षी ती चुकली आणि सगळ्यात आधी बसायचा तो भाटवाडा पखवाज मांडीवर घेऊन पहाटेपर्यंत ताटकळला. चूक एका चिन्हाची होती. नवीन शिकणारी मुलं तीच चूक करताना मी पुन्हा पुन्हा पाहतो, म्हणून ती आधी सांगतो.

(इथे नावं आणि आकडे देवनागरीत आहेत. टंकताना रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे घ्या. मोजणी १ पासून धरली आहे. अॅरे म्हणजे ओळीत किंवा तक्त्यात मांडलेले आकडे किंवा नावं.)

वाड्यांना मिळालेली मिनिटं, वर दिलेल्या क्रमाने (← म्हणजे उजवीकडचं डावीकडच्या नावात ठेवा):

य ← ७२ ५५ ९० ६१
⍋य
२ ४ १ ३

⍋ म्हणजे ग्रेड अप, चढत्या क्रमाने बोलवायची यादी. ‘आधी दुसऱ्याला बोलवा, मग चौथ्याला, मग पहिल्याला, शेवटी तिसऱ्याला’ असं ते सांगतं. हे आकडे मी वाड्यांच्या नावांसमोर जसेच्या तसे छापले. भाटवाड्यासमोर ४ आला. खरं तर नावासमोर हवा असतो त्या वाड्याचा स्वतःचा नंबर, आणि तो दोनदा ग्रेड केल्यावर मिळतो:

⍋⍋य
३ १ ४ २

देऊळवाडा तिसरा, भाटवाडा पहिला. दोन्ही याद्यांत १ ते ४ हेच आकडे असल्यामुळे नुसत्या नजरेला काहीच खटकत नाही. पायथन भाषेतल्या नमपाय या संचात आर्गसॉर्ट वापरणारेही नेमके इथेच फसतात, कारण आर्गसॉर्ट म्हणजे एकदाच केलेलं ⍋.

या सगळ्या गोंधळाचं मूळ एकच आहे. क्रमाची यादी दोन तऱ्हांनी वाचता येते: ‘या जागी कुठून आणू?’ किंवा ‘इथलं कुठे नेऊ?’ एपीएलमध्ये कंस बाणाच्या कोणत्या बाजूला आहे, त्यावर अर्थ ठरतो.

क ← ३ १ ४ २
व ← १० २० ३० ४०
व[क]
३० १० ४० २०

हे ‘कुठून आणू’ झालं. आता व[क]←व करून पाहा. व मध्ये २० ४० १० ३० उरतं. हे ‘कुठे नेऊ’ झालं, म्हणजे बरोबर उलटा बदल. पहिल्या तऱ्हेनेच काम करायचं पण उलटा क्रम हवा असेल, तर व[⍋क] लिहा. क्रमयादीचं ग्रेड म्हणजेच तिची उलट यादी. केनेथ आयव्हर्सन यांनी १९६२ साली पुस्तकरूपाने मांडलेल्या या चिन्हलिपीत मला हे सगळ्यात देखणं वाटतं: उलटी यादी काढायला वेगळा प्रोग्राम लागतच नाही.

ही चूक चाचणीतून निसटते, कारण आपण चाचणीला २ १ ४ ३ सारखी साधी अदलाबदल घेतो. दोघांनी जागा बदलल्या की उलट आणि सुलट एकच. चार वस्तूंच्या २४ मांडण्यांपैकी १० अशा आहेत की त्यांची उलट मांडणी तीच राहते. त्यातली एखादी चाचणीला घेतली, तर चुकीचा कोडही पास होतो. म्हणून निदान तिघांचा फेरा असलेली यादी घ्या: २ ३ १.

दुसरी वारंवार दिसणारी चूक: य←य[⍋य] करून आधी मिनिटं लावून घ्यायची आणि मग नावांना [⍋य] लावायचं. तोवर य लागून झालेला असतो, त्याचं ग्रेड १ २ ३ ४ येतं, नावं जागची हलत नाहीत आणि मिनिटं भलत्याच वाड्याच्या नावावर जातात. एरर येत नाही. आधी ग←⍋य असं ठेवून द्या, मग तोच ग दोघांना लावा. तक्ता असेल तर म[ग;] ओळी हलवतं, म[;ग] स्तंभ. अर्धविरामाची जागा तपासा.

चिठ्ठ्या टाकून क्रम काढायचा असेल तर ४?४. पुष्कळ जण ?४⍴४ लिहितात. त्यात एकच वाडा दोनदा येऊ शकतो, दुसरा गायब होतो, आणि व[...] तेही मुकाट्याने मान्य करतं. यादी खरी क्रमयादी आहे का, ते क≡⍋⍋क ने कळतं (≡ म्हणजे दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या आहेत का). उत्तर १ आलं की निर्धास्त राहा. मोजणी ० पासूनची यादी १ पासूनच्या ठिकाणी आली असेल, तर तीही इथेच पकडली जाते. ‘जे’ आणि ‘बीक्यूएन’ या एपीएलच्या वळणाच्या भाषा नेहमी ० पासूनच मोजतात, त्यामुळे तिथला कोड उतरवून घेताना ही तपासणी चुकवू नका.

१० २० ३० ४०[३] वर रँक एरर येतो, कारण कंस फक्त ४० ला चिकटतो. (१० २० ३० ४०)[३] लिहा.

समान मिनिटं असलेल्या वाड्यांचा मूळ क्रम ⍋ आणि ⍒ (उतरत्या क्रमाचं ग्रेड डाउन) दोन्ही राखतात. मात्र उतरत्या क्रमासाठी ⌽⍋य लिहिलंत (⌽ यादी उलटी फिरवतं), तर बरोबरीचे वाडे उलटे होतात. ⍒य च वापरा.

तीन मितींच्या अॅरेत तोच ‘कुठून की कुठे’ प्रश्न पुन्हा उभा राहतो. आकार २ ३ ४ असेल तर २ ३ १⍉ चं (⍉ म्हणजे ट्रान्सपोज, अक्षांच्या जागा बदलणं) उत्तर ४ २ ३ आकाराचं येतं, कारण डावीकडचा आकडा त्या अक्षाला कुठे न्यायचं ते सांगतो. नमपायचं ट्रान्सपोज हीच यादी ० पासून मोजून, म्हणजे १ २ ० अशी, ‘कुठून आणू’ म्हणून वाचतं आणि ३ ४ २ देतं. एकीकडचा कोड दुसरीकडे नेताना यादीला ⍋ लावा आणि तिन्ही मिती वेगवेगळ्या लांबीच्या ठेवूनच चाचणी करा. ४ बाय ४ बाय ४ घेतलंत तर आकारावरून काहीच कळणार नाही.