अल्फा चांगला आला, पण मोजलं काय?

डिझर्टेशनसाठी स्केल निवडताना बहुतेक जण पहिला प्रश्न एकच विचारतात, "अल्फा किती?" विश्वसनीयतेचा, म्हणजे मोजमाप किती सुसंगत आहे याचा, हा आकडा 0.70 च्या वर असला की जीव भांड्यात पडतो. नागपुरात एम.ए. मानसशास्त्र केल्यापासून ज्युनिअर्सची प्रपोजल्स वाचते आहे, आणि मला सगळ्यात जास्त वेळ याच ठिकाणी थांबावं लागतं.

क्रॉनबाख यांनी 1951 मध्ये मांडलेला अल्फा एवढंच बघतो की प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात. एकच वाक्य थोडं फिरवून चारदा विचारलं तरी तो वर जातो. नुसते प्रश्न वाढवले तरी विश्वसनीयता वाढते. स्पिअरमन-ब्राउन सूत्राप्रमाणे 0.60 च्या चाचणीत त्याच धर्तीचे तेवढेच प्रश्न आणखी घातले, तर आकडा 0.75 होतो. तेव्हा आधी प्रश्न मोजा, मग अल्फा वाचा.

सप्रमाणतेचं, म्हणजे जे मोजायचं तेच मोजलं जातंय का याचं, दुखणं मला नागपूरच्या मे महिन्यात सगळ्यात स्पष्ट दिसतं. पारा 45 ला टेकलेला, वर्गात कूलर घरघरतोय आणि आपण चिंतेची प्रश्नावली वाटतोय. 1988 च्या बेक चिंता सूचीत 21 लक्षणं आहेत. त्यात गरम वाटणं आहे आणि घामही आहे. मूळ यादीत घामापुढे 'उष्णतेमुळे नसलेला' अशी अट होती, ती उगाच नव्हती. दुपारी दोन वाजता बर्डीहून सिटी बसने आलेली मुलगी या दोन्हींवर खूण करेल. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं, तर पुन्हा करेल. पुनर्चाचणीत उत्तरं छान जुळतील, पण गुणांत चिंता किती आणि ऊन किती हे कोण सांगणार? शक्य असेल तर डेटा हिवाळ्यात घ्या, नाहीतर सकाळच्या वेळी. तेही जमत नसेल तर शारीरिक लक्षणांचे गुण वेगळे काढून बघा आणि तसं प्रबंधात लिहा.

उलट बाजूही आहे. स्पिलबर्गर यांच्या चिंतेच्या स्केलमध्ये 40 विधानं आहेत : 20 आत्ता या क्षणी कसं वाटतंय याची, 20 एरवी कसं वाटतं याची. परीक्षेच्या आदल्या दिवशी आणि निकालानंतर दिलं, तर पहिल्या भागाचे गुण बदलायलाच हवेत. तिथे पुनर्चाचणीचा सहसंबंध कमी आला म्हणून स्केल वाईट ठरवू नका. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हा प्रश्न येतो, उत्तर तयार ठेवा.

कॅम्पबेल आणि फिस्के यांनी 1959 मध्ये सांगितलेली गोष्ट एम.ए.च्या पातळीवरही करता येते. चिंतेच्या स्केलबरोबर ज्याच्याशी संबंध यायला हवा असं एक छोटं स्केल द्या, आणि ज्याच्याशी यायला नको असं एक. विश्वसनीयता इथेही लागतेच, कारण सप्रमाणता गुणांक (स्केलचा दुसऱ्या मोजमापाशी येणारा सहसंबंध) तिच्या वर्गमुळाच्या पलीकडे जात नाही. विश्वसनीयता 0.64 असेल तर 0.80 ही कमाल.

स्वतःची प्रश्नावली बनवत असाल तर एसपीएसएस हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर उघडण्याआधी थोड्या मुलांना शेजारी बसवा, एकेक विधान वाचायला सांगा आणि काय समजलं ते मोठ्याने बोलू द्या. त्यात धरमपेठेतली मुलं असू द्या, तशीच गडचिरोली-भंडाऱ्याहून येऊन होस्टेलवर राहणारीही. जिथे ती अडखळतील ते विधान त्याच दिवशी बदला, कारण एकदा डेटा गोळा व्हायला लागला की हात लावता येत नाही.