चिनी ऋतूपचार कोकणच्या हवेत : मॉक्साचा शेक घरी कसा घ्यावा

पारंपरिक चिनी वैद्यकाच्या रुग्णालयांत दरवर्षी जुलै-ऑगस्टच्या ऐन उकाड्यात पाठीवर औषधी लेपाच्या पट्ट्या लावून घेण्यासाठी गर्दी होते. ज्यांचा दमा, जुनाट खोकला, वारंवार होणारी सर्दी किंवा सांधेदुखी हिवाळ्यात उचल खाते, त्यांनी त्या दुखण्यावर भर उन्हाळ्यातच उपचार घ्यावेत, असे हे शास्त्र सांगते. उन्हाळ्यात शरीरातील उष्ण, चालक शक्ती, म्हणजे यांग, शिखरावर असते आणि त्वचेची रंध्रे खुली असतात, त्यामुळे बाहेरून दिलेली उष्णता आणि औषध खोलवर पोचून आत मुरलेली थंडी हटवतात, अशी त्यामागची धारणा आहे.

या काळाला ‘सानफू’ म्हणतात आणि तो पंचांगावरून ठरतो. चिनी कालगणनेत दिवसांना दहा चिन्हे क्रमाने दिलेली असतात व त्यांतील सातवे चिन्ह ‘गेंग’ दर दहा दिवसांनी येते. 21 जूनच्या सुमारास दक्षिणायन सुरू झाल्यानंतरच्या तिसऱ्या गेंग दिवशी पहिला टप्पा सुरू होतो, चौथ्या गेंग दिवशी दुसरा, आणि 7 ऑगस्टच्या सुमारास चिनी शरद ऋतू लागल्यानंतरच्या पहिल्या गेंग दिवशी तिसरा. त्यामुळे हा काळ कधी 30 तर कधी 40 दिवसांचा असतो. 2025 मध्ये तो 20 जुलै ते 18 ऑगस्ट असा होता. 2026 मध्ये 15 जुलै ते 23 ऑगस्ट असा येतो.

ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकाची अडचण येथेच सुरू होते. वुहान किंवा नानजिंगमध्ये त्या दिवसांत पारा पस्तिशीच्या वर असतो. आपल्याकडे मात्र तो आषाढ-श्रावणाचा काळ असतो, कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि खाडीलगतच्या इमारतींत भिंतींना ओल धरलेली असते. आपला खरा उन्हाळा एप्रिल-मे महिन्यांत होऊन गेलेला असतो. तारखांचा हट्ट धरून चिनी पंचांग जसेच्या तसे पाळण्यात म्हणूनच मला फारसा अर्थ वाटत नाही. याउलट, त्याच शास्त्रात ‘दमटपणा’ हे आजाराचे एक स्वतंत्र कारण मानले आहे. अंग जड होणे, भूक मंदावणे, जिभेवर पांढरा जाड थर येणे, गुडघे व कंबर आखडणे ही त्याची लक्षणे, आणि सौम्य उष्णता हा त्यावरचा एक उपाय. आपल्या पावसाळ्याला हा विचार अधिक लागू पडतो. त्यामुळे घरच्या घरी करायचे ते मॉक्साच्या, म्हणजे वाळवलेल्या औषधी पानांच्या कापसाची कांडी पेटवून दुरून दिलेल्या, शेकाने करावे आणि पट्ट्यांचा नाद सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पट्ट्यांविषयी एवढे सांगणे भाग आहे, कारण त्या आता ऑनलाइन सहज मिळतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस झांग लू या वैद्यांनी दम्यासाठी नोंदवलेल्या योगावर त्या बेतलेल्या असतात. पांढरी मोहरी, कोरिडालिसचे कंद, कान्सुई नावाच्या युफोर्बियाची मुळे आणि असारमची मुळे यांची पूड आल्याच्या रसात कालवून ती पाठीवरच्या ठरावीक ॲक्युपंक्चर बिंदूंवर काही तास चिकटवतात. प्रत्येक टप्प्याच्या सुरुवातीला एकदा, आणि असे सलग तीन वर्षे, हा रिवाज आहे. मोहरी आणि कान्सुई त्वचेला झोंबतात व फोड आणू शकतात; असारममध्ये मूत्रपिंडांना घातक आणि कर्करोगकारक असे ॲरिस्टोलोकिक आम्ल असू शकते. स्वयंपाकघरातली मोहरी वाटून पाठीवर बांधण्याचा प्रयोगही करू नये, कारण तिचा डाग महिनोन्‌महिने राहतो. पट्टी लावायचीच असेल तर ती जाणत्या चिकित्सकाच्या देखरेखीखाली लावावी. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी 2015 चा स्वतंत्र कायदा आहे, तेव्हा चिकित्सकाची महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषदेकडे नोंदणी आहे का, हे संकोच न करता विचारावे.

मॉक्सा निवडणे आणि कोरडा ठेवणे

मॉक्सा म्हणजे आर्टेमिसिया आर्गी या वनस्पतीची वाळवलेली पाने कुटून, चाळून काढलेला लोकरीसारखा कापूस. चैत्रात देवाला वाहतात तो आपला दवणा याच कुळातला, पण शेकासाठी तो वापरत नाहीत. चीनमध्ये हूबेई प्रांतातील छीचुनचा मॉक्सा नावाजलेला आहे. थोर औषधितज्ज्ञ ली शिझेन हेही तिथलेच. पाने निदान तीन वर्षे मुरवलेली असावीत असा जुना दंडक आहे, कारण ताज्या पानांतील उडनशील तेलामुळे आच तीव्र व बोचरी होते. वेष्टनावर 5:1, 10:1, 30:1 असे आकडे असतात. किती किलो पानांपासून एक किलो कापूस निघाला, हे त्यावरून कळते. कांडीने दुरून शेकण्यासाठी 5:1 किंवा 10:1 पुरेसा आहे, महागड्या कांडीची गरज नाही.

पावसाळ्यात कांडी ओल धरते, मग ती तडतडते, मध्येच विझते आणि राखेचे तुकडे अंगावर पाडते. म्हणून ती घट्ट झाकणाच्या बरणीत, सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांसह ठेवावी.

शेक घेण्याची पद्धत

जेवणानंतर किमान एक तास जाऊ द्यावा. उपाशीपोटी किंवा फार थकलेले असतानाही शेक घेऊ नये. सकाळची वेळ उत्तम मानतात, रात्री उशिरा घेतल्यास काहींची झोप उडते. पंखा आणि एसी बंद करावेत, मात्र धूर जाण्यासाठी एक खिडकी उघडी ठेवावी व त्या खिडकीच्या झोतात बसू नये. घोडबंदर रोड किंवा खारघरच्या नव्या टॉवरमध्ये घरात धूरसूचक यंत्र बसवलेले असू शकते, त्यामुळे त्याच्या थेट खाली कांडी पेटवू नये. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलेले बरे, कारण मॉक्साचा वास पॅसेजभर पसरतो आणि तो अनोळखी माणसाला भलत्याच गोष्टीचा वाटतो. बिनधुराच्या कोळसा-कांड्याही मिळतात, पण त्यांची आच अधिक प्रखर असते, हे लक्षात घेऊन अंतर वाढवावे.

नवशिक्याने दोनच बिंदू शिकावेत. पहिला झूसानली, ॲक्युपंक्चरच्या तक्त्यांवर ‘एसटी 36’ लिहिलेला असतो. गुडघा वाकवला असता वाटीच्या खाली बाहेरच्या बाजूस जो खळगा लागतो, त्याच्याखाली स्वतःची चार बोटे आडवी ठेवावीत आणि नडगीच्या कडेपासून एक बोट बाहेर सरकावे. मापाला नेहमी रुग्णाचीच बोटे घ्यावीत, शेक देणाऱ्याची नव्हेत. पचन आणि पायांतील जडपणा यांसाठी हा बिंदू सर्वाधिक वापरला जातो. दुसरा ग्वानयुआन, ‘सीव्ही 4’, बेंबीच्या सरळ खाली चार बोटांवर. पाठीवरचे बिंदू, उदाहरणार्थ मानेच्या उंच मणक्याखालचा दाझुई, स्वतःच्या हाताने शेकू नयेत. तेथे घरातील दुसऱ्या माणसाने शेकावे.

कांडीचे टोक मेणबत्तीवर किंवा गॅस लायटरवर चहूबाजूंनी लालबुंद होईपर्यंत धरावे. मग ते त्वचेपासून 2 ते 3 सेंटीमीटर अंतरावर स्थिर धरावे. सुखद ऊब जाणवावी, चटका नाही, हीच कसोटी. शेकणाऱ्याने दुसऱ्या हाताची दोन बोटे बिंदूच्या दोन्ही बाजूंना टेकवून ठेवावीत, म्हणजे वाढती आच त्यालाही कळते. वृद्ध माणसाच्या बाबतीत ही सवय अत्यावश्यक आहे, कारण त्यांना चटका उशिरा जाणवतो. दर दोन मिनिटांनी राख वाळूच्या भांड्यात झटकावी. एका बिंदूवर 10 ते 15 मिनिटे पुरतात. त्वचा गुलाबी झाली की थांबावे. प्रथा अशी की आधी वरचा भाग शेकावा, नंतर खालचा, म्हणून पोट आधी व पाय मागाहून. एक दिवसाआड, काही आठवडे हा क्रम ठेवता येतो.

पोटासाठी जाळी असलेली लाकडी मॉक्सा-पेटीही वापरता येते, आणि सांध्यांवर आल्याची साधारण 3 मिलिमीटर जाड चकती सुईने टोचून ठेवून तिच्यावरून शेक देतात. आले आच मंद करते, पण ते काढायला उशीर झाला तर त्याखालीही फोड येतो.

कांडी विझवणे हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. वरून काळी दिसणारी कांडी आतून अर्धा तास धुमसू शकते. ती पाण्यात बुडवल्यास पुन्हा वापरता येत नाही. वाळूत उभी खुपसावी किंवा अरुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत झाकण लावून ठेवावी, आणि गार झाल्याची खात्री झाल्यावरच बरणीत परत ठेवावी. कचऱ्याच्या प्लास्टिक पिशवीत ती कधीही टाकू नये. शेकानंतर कोमट पाणी प्यावे आणि तीन-चार तास गार पाण्याने आंघोळ टाळावी. लोकलच्या दारात भिजत उभे राहण्याचा बेतही त्या दिवशी नको.

कोणी शेक घेऊ नये

ताप असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी, पायांची संवेदना कमी झालेल्या मधुमेहींनी आणि त्या जागी जखम किंवा पुरळ असलेल्यांनी घरी शेक घेऊ नये. दमेकऱ्यांसाठी धूर हाच त्रास ठरू शकतो. त्यांनी बिनधुराचा मार्ग किंवा चिकित्सक निवडावा आणि इनहेलर कोणत्याही कारणाने बंद करू नये. ज्यांना सतत तहान, तोंड येणे, लाल जीभ, बद्धकोष्ठता असा त्रास आहे, त्यांच्यात आधीच उष्णता आहे असे चिनी वैद्यकही मानते व शेक वर्ज्य ठरवते. हातपाय गार पडणाऱ्या, गरम खाल्ल्याने बरे वाटणाऱ्या माणसाला तो मानवतो.

भाजलेच तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटे जागा धरावी. टूथपेस्ट, हळद, तूप काहीही लावू नये, फोड फोडू नये. भाजलेली जागा तळहातापेक्षा मोठी असेल तर थेट डॉक्टरांकडे जावे. ऐरोलीला भाजलेल्या रुग्णांसाठीचे स्वतंत्र बर्न्स सेंटर आहे.

आच नको असेल तर

ज्यांना जळती कांडी हातात घ्यायची धास्ती वाटते, त्यांनी पायांचा शेक घ्यावा. मूठभर वाळवलेली मॉक्साची पाने किंवा ठेचलेल्या आल्याचा मोठा तुकडा पाण्यात दहा मिनिटे उकळावा, ते पाणी बादलीत साध्या पाण्यात मिसळून सुमारे 40 अंश सेल्सिअसपर्यंत आणावे आणि घोट्यांच्या वरपर्यंत पाय 15 ते 20 मिनिटे बुडवून बसावे. कपाळावर हलका घाम येताच थांबावे, दरदरून घाम काढणे अपेक्षित नाही. पाण्याचा अंदाज नेहमी हाताच्या कोपराने घ्यावा.

आहारात चिनी घरे उन्हाळ्यात हिरव्या मुगाचे कढण पितात, आणि तरीही ‘हिवाळ्यात मुळा, उन्हाळ्यात आले’ असा त्यांचा संकेत आहे, कारण उकाड्यात बाहेरून तापलेल्या शरीराचे पोट आतून थंड पडते असे ते मानतात. आपल्या पावसाळ्यात आल्याचा वाटा मुगापेक्षा मोठा ठेवावा. या उपचारांचा दुसरा हंगाम हिवाळ्याचा. 22 डिसेंबरच्या सुमारास उत्तरायण लागले की नऊ-नऊ दिवसांचे नऊ टप्पे मोजतात व जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात येणारा तिसरा टप्पा सर्वांत कडाक्याचा समजतात. त्या वेळी तेथे डांगग्वेई हे मूळ व आले घालून मटणाचा रस्सा करतात. ठाण्याच्या गुलाबी थंडीला इतके जड औषधी मटण झेपत नाही, आणि वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्याने डांगग्वेई पूर्ण टाळावे. झूसानलीचा शेक मात्र त्या आठवड्यात, सकाळच्या उन्हात बसून, अवश्य घ्यावा.