रत्नागिरीच्या मुक्कामात कातळशिल्पांना दिवस द्यावा का?

रत्नागिरीत एकच दिवस असेल तर सरळ नाही म्हणा. थिबा राजवाडा, टिळकांचं जन्मस्थान आणि रत्नदुर्ग यांतच तो संपतो. दोन मुक्काम असतील तर प्रश्न अंतराचा नाही, उन्हाचा आहे. कातळशिल्पं म्हणजे जमिनीलगतच्या कातळावर खोदलेली प्राचीन चित्रं, आणि ती उघड्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर असतात. सावलीला झाड नाही, जांभा दगड दुपारी तव्यासारखा तापतो आणि डोक्यावरच्या उन्हात खोदलेल्या रेषा नीट दिसतही नाहीत. सकाळी किंवा साडेचारनंतर तिरपी उन्हं पडली की त्याच रेषा ठळक होतात. म्हणजे सुट्टीत लवकर उठायची घरच्यांची तयारी नसेल (बहुधा नसतेच), तर संध्याकाळचा बेत धरा.

सोबत वयस्कर माणसं किंवा लहान पोरं असतील तर उक्षी गावातलं कातळशिल्प पुरे. हत्तीचं शिल्प, भोवती कठडा, अर्ध्या दिवसात परत. पूर्ण दिवस मोकळा असेल तर पावसमार्गे राजापूर तालुक्यातलं कशेळी गाठा. सुमारे १८ मीटरचा हत्ती आणि त्याच्या अंगातच कोरलेली जनावरं, जलचर. माझं मत विचाराल तर कोकणात दगडावरचं एकच काही बघायचं असेल तर हे. गावात कनकादित्याचं मंदिर आहे, त्यामुळे शिल्पांत रस नसलेली मंडळीही कुरकुरत नाहीत.

पावसाळ्यात सडा देखणा, पण शेवाळावर पाय घसरतो आणि रेषांत पाणी साचतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरे. गावातला माहीतगार सोबत घ्या, पाणी भरपूर ठेवा आणि फोटोसाठी रेषांत खडू भरू नका.