कुठल्याही देशाचं सरकार ओळखायचं कसं

देशाच्या नावावर जाऊ नका. उत्तर कोरियाच्या अधिकृत नावात ‘लोकशाही’ आहे, ‘लोक’ आहेत आणि ‘प्रजासत्ताक’ही आहे. 1990 साली नकाशावरून पुसली गेलेली पूर्व जर्मनीसुद्धा स्वतःला ‘जर्मन लोकशाही प्रजासत्ताक’च म्हणवायची. उलट ब्रिटन, नॉर्वे, जपान इथे राजा किंवा सम्राट आहे आणि तरीही तिथले लोक मतपेटीतून सरकार खाली खेचतात. मी बरीच वर्षं वर्तमानपत्राच्या परदेशी बातम्यांच्या डेस्कवर काढली. रात्री उशिरा कुठल्या तरी देशात सत्ता उलथल्याची बातमी यायची आणि पान सोडायची घाई असायची. जो गेला त्याच्या हातात खरंच काही होतं का, आणि आता ते कोणाच्या हातात गेलं, हे चार ओळींत सांगावं लागायचं. त्या घाईत प्रश्नांचा एक क्रम हाताला बसला, तो इथे देते.

आधी सरकार लागतंच कशाला, ते बघू. ‘बळी तो कान पिळी’ हे थांबवायला, हे सर्वांत जुनं उत्तर. आपल्याकडच्या जुन्या राजनीतीत त्याला मात्स्यन्याय म्हणत: दंड म्हणजे शिक्षेची ताकद हाती धरणारा कोणी नसेल तर मोठा मासा छोट्याला गिळतो. सतराव्या शतकात इंग्लंडमधलं यादवी युद्ध पाहिलेला तत्त्वज्ञ हॉब्जही याच निष्कर्षावर आला. मग जॉन लॉक या दुसऱ्या इंग्रज तत्त्वज्ञाने त्याला पुढचा प्रश्न जोडला, आणि माझ्या मते सगळं राज्यशास्त्र त्या प्रश्नात आहे: दंड ज्याच्या हाती दिला, त्याच्यापासून आपलं रक्षण कोण करणार?

दुसरं कारण कमी भारदस्त आहे, पण रोजच्या जगण्यात तेच जास्त भिडतं. काही कामं एकट्यादुकट्याने होतच नाहीत. 1858 च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये थेम्स नदीला इतकी दुर्गंधी सुटली की नदीकाठच्या संसदेत बसणं मुश्कील झालं. खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून टांगले, तरी उपयोग होईना. त्याआधी शहरात कॉलराने हजारो माणसं नेली होती आणि सांडपाण्याच्या योजनेचं घोंगडं कित्येक वर्षं भिजत पडलं होतं. खासदारांच्या स्वतःच्या नाकाशी आल्यावर मात्र काही आठवड्यांत कायदा झाला, पैसा मिळाला आणि जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याने शहराखालून गटारांचं जाळं बांधलं. कुठलाही श्रीमंत घरमालक स्वतःपुरतं हे करू शकत नव्हता, कारण शेजाऱ्याचं पाणी त्याच नदीत येत होतं. सगळ्यांकडून सक्तीने पैसे घेऊन सगळ्यांसाठी एक काम करणं, हे सरकारचं काम. आणि राज्यकर्त्यांच्या नाकापर्यंत वास पोचवायची सोय किती, यावर राज्यपद्धतीची परीक्षा होते.

एक घोळ इथेच मिटवून टाका. सरकार म्हणजे राज्ययंत्रणा नव्हे. 2010 च्या निवडणुकीनंतर बेल्जियममध्ये पक्षांचं जमेना आणि 541 दिवस नवं सरकारच बनलं नाही. तेवढ्या काळात काळजीवाहू पंतप्रधानांनी गाडा ओढला, न्यायालयं चालली, बेल्जियमची विमानं 2011 मध्ये लिबियावरच्या मोहिमेतही गेली. त्यामुळे ‘सरकार पडलं’ आणि ‘राज्य कोसळलं’ या दोन वेगळ्या बातम्या आहेत. माझ्या डेस्कवर येणारी नवी मुलं सुरुवातीला हमखास इथे घसरायची.

आता प्रश्न.

या माणसाला घरी कोण पाठवू शकतं?

निम्मं काम या एका प्रश्नात होतं. त्याला निवडलं कोणी हे नंतर विचारा. निवडणुकीचा देखावा कोणीही उभा करतो. काढायची वाट आहे का, आणि ती रक्त न सांडता चालता येते का, ते बघा.

संसदीय पद्धतीत सरकार सभागृहाच्या बहुमतावर जगतं. 28 मार्च 1979 ची लंडनमधली रात्र यासाठी पाहण्यासारखी आहे. पंतप्रधान जेम्स कॅलहॅन यांच्याविरुद्ध अविश्वास ठराव होता आणि एकेक मत मोजलं जात होतं. त्यांच्याच पक्षाचे खासदार आल्फ्रेड ब्रॉटन अत्यवस्थ होते. त्यांना रुग्णवाहिकेतून आणता आलं असतं, पण कॅलहॅन यांनी तसं होऊ दिलं नाही. ठराव 311 विरुद्ध 310 मतांनी मंजूर झाला, सरकार गेलं आणि मे महिन्यात निवडणूक होऊन मार्गारेट थॅचर आल्या. ब्रॉटन त्यानंतर काही दिवसांतच वारले. एका मताने सरकार जातं, सैनिक बराकीतच राहतात आणि हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी विरोधी बाकांवर बसायची तयारी करतो. संसदीय पद्धत म्हणतात ती हीच.

अध्यक्षीय पद्धतीत असं होत नाही. अमेरिकेचा अध्यक्ष ठरलेल्या 4 वर्षांसाठी येतो आणि संसदेचं मन उडालं म्हणून जात नाही. त्याला काढायचं तर महाभियोग, आणि सिनेट या वरिष्ठ सभागृहात दोन तृतीयांश मतं. 1868 मध्ये अँड्र्यू जॉन्सन एका मताने वाचले. कॅलहॅनना एका मताने घालवलं, जॉन्सनना एका मताने तारलं, पण दोन्हीकडचं गणित निराळं: लंडनमध्ये निम्म्याहून एक जास्त पुरे होतं, वॉशिंग्टनमध्ये 54 पैकी 36 लागत होते आणि 35 पडले. अध्यक्षीय पद्धत स्थैर्य देते म्हणतात. देते खरी, पण चुकीच्या माणसालाही देते.

या दोहोंच्या मधली फ्रेंच तऱ्हा गमतीची. 1958 च्या घटनेनुसार अध्यक्ष लोक निवडतात (1962 पासून थेट मतदानाने), पण पंतप्रधान संसदेला चालेल असाच लागतो. मग अध्यक्ष एका पक्षाचा आणि पंतप्रधान विरोधकांचा, असा संसार तीनदा मांडावा लागला. झाक शिराक 1986 मध्ये विरोधी अध्यक्षाचे पंतप्रधान होते आणि 1997 पासून विरोधी पंतप्रधानाचे अध्यक्ष; दोन्ही बाजूंचा सासुरवास भोगलेला हा बहुधा एकटाच माणूस.

जर्मनांनी याहून हुशारी केली. 1933 पूर्वी त्यांच्या संसदेतले पक्ष सरकार पाडायला एकत्र यायचे, पण नवं द्यायची वेळ आली की पांगायचे. म्हणून 1949 च्या घटनेत अट घातली: चॅन्सेलरला (म्हणजे त्यांच्या पंतप्रधानाला) काढायचं तर त्याच ठरावात पुढच्याला निवडा. 1982 मध्ये हेल्मुट श्मिट गेले आणि हेल्मुट कोल आले ते असे, एकाच मतदानात.

पदाच्या नावाने मात्र फसू नका. दक्षिण आफ्रिकेत राष्ट्राध्यक्ष आहे, पण त्याला संसदेचं कनिष्ठ सभागृह निवडतं आणि अविश्वास ठरावाने काढूही शकतं. म्हणजे त्याचा जीव पंतप्रधानासारखा बहुमतात अडकलेला.

तिजोरी कोणाची, बंदूक कोणाची?

हे दोन प्रश्न मी एकत्र विचारते, कारण 1689 च्या इंग्लंडने ते एकत्रच सोडवले. त्या साली संसदेने राजाकडून हक्कांची सनद मान्य करून घेतली: संसदेच्या संमतीशिवाय कर बसवणं बेकायदा, आणि शांततेच्या काळात तिच्या संमतीशिवाय खडं सैन्य ठेवणंही बेकायदा. राजा राहिला, पण नाड्या संसदेच्या हाती गेल्या. अमेरिकेत आजही काँग्रेसने (तिथल्या संसदेने) खर्च मंजूर केला नाही की सरकारी कचेऱ्यांना टाळं लागतं. 2018 च्या डिसेंबरात लागलेलं 35 दिवस टिकलं. अध्यक्ष स्वतः एक डॉलरही मंजूर करू शकत नाही.

बंदुकीचं उत्तर बरेचदा कागदावर नसतं. 1980 च्या दशकात चीनचे सर्वेसर्वा डंग शियाओपिंग ना राष्ट्राध्यक्ष होते ना पंतप्रधान. पण सैन्यावर हुकूम चालवणाऱ्या लष्करी आयोगाचे अध्यक्ष तेच होते. अशा ठिकाणी मोठी पदं वाचत बसू नका, सेनापती कोणाला सलाम करतात ते शोधा.

कागद आणि बंदूक समोरासमोर आलेली अलीकडची घटना दक्षिण कोरियातली. 3 डिसेंबर 2024 च्या रात्री राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांनी लष्करी कायदा पुकारला. संसदेसकट सगळ्या राजकीय हालचालींवर बंदी आली, हेलिकॉप्टरमधून सैनिक संसदेच्या आवारात उतरले. पण त्यांच्याच घटनेच्या 77 व्या कलमात लिहिलंय की संसदेने बहुमताने मागणी केली तर लष्करी कायदा उठवावाच लागतो. खासदार धावत सुटले. पोलिसांनी फाटकं अडवली तेव्हा सभापतींसकट कित्येक जण कुंपणावरून उड्या टाकून आत गेले. कर्मचाऱ्यांनी टेबलं-खुर्च्या लावून दारं रोखली. 300 पैकी 190 जण सभागृहात पोचले आणि 190 विरुद्ध शून्य मतांनी ठराव झाला. सैनिक माघारी फिरले, पहाटेपर्यंत लष्करी कायदा उठला. पुढे 4 एप्रिल 2025 ला घटना न्यायालयाने अध्यक्षांना पदावरूनच दूर केलं. कलम तर तिथे होतंच; ते चाललं, कारण 190 माणसं कुंपण चढली आणि सैनिकांनी गोळी चालवली नाही.

‘नाही’ कोण म्हणू शकतं?

बहुमतवाल्यांना अडवणारं कोणी आहे का, हे यात येतं. स्वित्झर्लंडची थेट लोकशाही सगळ्यांना आवडते: 1 लाख सह्या जमवा, घटनादुरुस्तीचा प्रस्ताव लोकांपुढे जातो. पण तिथे राष्ट्रीय पातळीवर बायकांना मत मिळालं ते 1971 मध्ये, कारण ते द्यायचं का हे पुरुषच मतदानाने ठरवत होते. आपेन्झेल इनररोडन या छोट्या प्रांतात चौकात जमून हात वर करून मतदान होतं. तिथल्या पुरुषांनी 1990 च्या एप्रिलमध्येही बायकांना प्रांतिक मताधिकार नाकारला. त्याच वर्षी नोव्हेंबरात संघराज्याच्या न्यायालयाने तो द्यायला लावला. बहुमताने घेतलेला निर्णय न्यायालयाने फिरवला, आणि मला तरी त्यात लोकशाही वाढलेली दिसते.

‘नाही’चा अधिकार उलटाही वापरता येतो. इराणमध्ये निवडणुका होतात, मतमोजणी होते, पण उमेदवार कोण असावेत हे 12 जणांचं पालक मंडळ आधी ठरवतं. 2021 च्या अध्यक्षीय निवडणुकीत 592 जणांनी नावं नोंदवली आणि 7 पुढे गेली. निवडणूक किती खुली हे मतदानाच्या दिवशी बघण्यापेक्षा उमेदवारांच्या छाननीच्या दिवशी बघा.

सत्ता एकाच राजधानीत आहे की प्रांतांनाही स्वतःची आहे, हाही प्रश्न टाका. संघराज्यात प्रांतांचे अधिकार घटनेनेच दिलेले असतात, उदाहरणार्थ अमेरिका, जर्मनी, ब्राझील. फ्रान्स किंवा जपानमध्ये ते वरून दिलेले असतात आणि वरून काढताही येतात. सुरुवातीला एवढं पुरे.

मग लेबल लावा

आता कुठे नाव द्यायचं. राजा आहे आणि त्याला कोणी काढू शकत नाही, तिजोरी-बंदूक त्याचीच, तर निरंकुश राजेशाही. सौदी अरेबियाच्या 1992 च्या मूलभूत कायद्यातच लिहिलंय की राज्य संस्थापक राजाच्या मुलांचं आणि त्यांच्या वंशजांचं. सल्लागार सभेचे सदस्यही राजाच नेमतो. राजा आहे पण नाड्या संसदेकडे, तर घटनात्मक राजेशाही. मलेशियात नऊ वंशपरंपरागत राजे आपल्यातून एकेकाला पाच वर्षांसाठी देशाचा राजा करतात. व्हॅटिकनमध्ये निरंकुश राजा चक्क निवडून येतो, फक्त मतदार 80 वर्षांखालचे कार्डिनल. एकच पक्ष आणि तोच राज्य, तर एकपक्षीय. धर्मगुरूचा शब्द शेवटचा, तर धर्मसत्ता. आणि सेनापती टीव्हीवर येऊन ‘लवकरच निवडणुका घेऊ’ म्हणाला तर लष्करी राजवट. तारीख सांगितली नसेल तर मथळ्यात ‘तात्पुरती’ लिहू नका.

ॲरिस्टॉटलने सत्ता एकाकडे, काहींकडे की पुष्कळांकडे, असे तीन भाग केले आणि प्रत्येकाची एक चांगली आणि एक बिघडलेली अवस्था सांगितली: सगळ्यांच्या हितासाठी राज्य की राज्यकर्त्यांच्याच हितासाठी. आकड्यापेक्षा ही दुसरी कसोटी मला जास्त कामाची वाटते.

घटना वाचायला घेणार असाल तर सुरुवात पहिल्या पानापासून करू नका. आधी आणीबाणीचा भाग काढा: कोण लावतं, किती दिवस, कोण उठवतं. जर्मनीत 1933 च्या मार्चमध्ये संसदेने 444 विरुद्ध 94 मतांनी कायदे करण्याचा अधिकार हिटलरच्या मंत्रिमंडळाला देऊन टाकला. जुनी घटना रीतसर रद्द कोणी केलीच नाही, ती नुसती पडून राहिली. आणीबाणीच्या भागानंतर दुरुस्तीचं कलम वाचा, मग प्रमुखाची नेमणूक आणि उचलबांगडी, मग पैसा. उद्देशिका सर्वांत शेवटी. आणि हातातली प्रत कोणत्या वर्षापर्यंतच्या दुरुस्त्यांची आहे ते तपासा. चीनच्या घटनेची 2018 च्या आधीची प्रत मिळाली तर राष्ट्राध्यक्षाला सलग दोनच कार्यकाळ मिळतात असं वाचाल. ती मर्यादा त्या वर्षी काढून टाकली आहे.